तिरपिट्झ बुडवायला एवढा खटाटोप कशाला?

सागरगोटा

मंडळी, गेल्या सप्टेंबरात ट्रॉम्सोला जाऊन आलो. नॉर्वेच्या पार वरच्या अंगाला, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे. गेलो होतो अरोरा बघायला, पण चार रात्रींतल्या तीन ढगांनी खाल्ल्या. शेवटी गाडीवाल्यालाच आमची कीव आली असावी. म्हणाला, चला, एक वेगळी जागा दाखवतो. पूल ओलांडून होकोया नावाच्या बेटावर नेलं. किनाऱ्यालगत गवत, खुरटी भूर्जाची झाडं आणि मधेमधे डबकी. इतकी गोल की मला वाटलं कोणी मासे पाळायला खणलीत. पाणी काळंशार, त्यावर पिवळी पानं पडलेली. बायको म्हणाली, "विहिरी आहेत का?" तो म्हणाला, बॉम्बचे खड्डे. १२ नोव्हेंबर १९४४ चे. नेम चुकलेले.

चुकलेले असे, तर लागलेले कसे असतील, या विचाराने घरी आल्यावर वाचत सुटलो. त्याचा हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

तिरपिट्झ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन बॅटलशिप, बिस्मार्कची धाकटी बहीण. आठ मोठ्या तोफा, प्रत्येकीचं तोंड ३८ सेंटीमीटर. पूर्ण भरल्यावर वजन ५० हजार टनांच्या वर. थोरली पहिल्याच मोहिमेत, मे १९४१ मध्ये, बुडाली. धाकटी जानेवारी १९४२ मध्ये नॉर्वेला आली आणि फ्योर्डात दडून बसली. (फ्योर्ड म्हटल्यावर कोकणातली खाडी डोळ्यांपुढे आणू नका. सह्याद्रीतली एखादी घळ अर्धी पाण्याने भरलीय असं समजा.)

या जहाजाने शत्रूच्या जहाजावर आपल्या मोठ्या तोफा एकदाही डागल्या नाहीत. डागल्या त्या सप्टेंबर १९४३ मध्ये स्पिट्सबर्गन या आर्क्टिक बेटाच्या किनाऱ्यावर, आणि नंतर आपल्यावर येणाऱ्या विमानांवर. तरीही ब्रिटिशांची झोप उडवली ती यानेच. जुलै १९४२ मध्ये रशियाला रसद नेणारा पीक्यू-१७ हा तांडा समुद्रात होता. तिरपिट्झ निघतंय अशी धास्ती बसली आणि लंडनहून हुकूम सुटला: पांगा. संरक्षक जहाजं बाजूला झाली, मालवाहू जहाजं एकेकटी पडली आणि पाणबुड्यांनी व विमानांनी ती टिपून काढली. पस्तिसातली २४ गेली. तिरपिट्झ त्यांच्या जवळपासही फिरकलं नव्हतं.

मग त्याला संपवायचे प्रयत्न सुरू झाले. त्याला सामावेल अशी अटलांटिकवरची एकमेव सुकी गोदी फ्रान्समध्ये सॅं नाझेरला होती. ती मार्च १९४२ मध्येच कॅम्पबेलटाउन ही विनाशिका दारूगोळ्यासकट दरवाजावर आदळून निकामी केली होती. पुढे मासेमारीच्या बोटीखाली टॉर्पेडोसारखी बुटकी यानं बांधून नेली, ती वादळात सुटून गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये चिमुकल्या पाणबुड्या जहाज दडलं होतं त्या कोफ्योर्डात शिरल्या आणि जहाजाच्या पोटाखाली सुरुंग ठेवून आल्या. जहाज सहा महिने जायबंदी. ३ एप्रिल १९४४ ला विमानवाहू जहाजांवरून ४० बॅराकुडा बॉम्बफेकी विमानं दोन लाटांत आली. डझनभराहून जास्त बॉम्ब लागले, १२२ माणसं मेली, तीनशेच्या वर जखमी झाली. जहाज तरंगतच राहिलं.

शेवटी काम केलं ते जमिनीवरून उडालेल्या लॅंकॅस्टर बॉम्बफेकी विमानांनी. पण तेही तिसऱ्या खेपेला. पहिली खेप सप्टेंबरात रशियातून, अर्खांगेल्स्कजवळच्या यागोद्निक विमानतळावरून. तिथे पोचतानाच हवा इतकी वाईट की काही विमानं दलदलीत उतरली आणि तिथेच सोडून द्यावी लागली. तरी १५ सप्टेंबरला एक बॉम्ब नाळेवर, म्हणजे जहाजाच्या नाकाडावर, बसला. जर्मनांनी जहाज ट्रॉम्सोला हलवलं आणि इथे एक फरक पडला: ते स्कॉटलंडहून उडणाऱ्या विमानांच्या टप्प्यात आलं, कसंबसं. २९ ऑक्टोबरच्या खेपेला ऐन वेळी ढग आले. (ट्रॉम्सोच्या ढगांबद्दल माझ्या मनात काय आहे ते इथे लिहिता येत नाही.)

१२ नोव्हेंबरला आकाश निरभ्र होतं. विमानांनी लॉसीमथ आणि आसपासच्या तळांवरून पहाटे तीनच्या सुमारास उड्डाण केलं. जाऊन येऊन साडेतीन हजार किलोमीटर. त्यासाठी पाठीवरचा तोफमनोरा उतरवला, चिलखती पत्रे काढले आणि पोटात जादा टाक्या बसवल्या. ९ आणि ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रन, पुढे विंग कमांडर टेट. स्वीडनच्या बाजूने वळसा घेऊन आत आले. ९:४१ ला पहिला बॉम्ब सुटला. ९:५२ ला जहाज उलटं झालं होतं.

अकरा मिनिटं. त्यात साधारण हजार माणसं गेली. ९४० पासून १,२०० पर्यंत आकडे सापडतात.

कट्टर_वरणभात

झकास! वाचनखूण साठवली आहे. विहिरींचे फोटो टाका ना.

मोघम

लेख आवडला, पण शीर्षकातला प्रश्न तुम्ही विचारलात आणि हळूच सोडून दिलात. सप्टेंबरातच जहाज मोडलं होतं ना? नाळ फुटलेली, आत हजारभर टन पाणी, वेग आठ-दहा नॉट. जर्मन नौदलप्रमुख डॉनिट्झने दुरुस्ती नको म्हणून सांगितलं होतं. ट्रॉम्सोला त्याला समुद्रात जाण्यासाठी नव्हे, तर तरंगती तोफ म्हणून उभं केलं होतं. मग पांगळ्याला पुन्हा दोनदा झोडपण्यात काय पुरुषार्थ? ६१७ नामांकित स्क्वाड्रन, बॉम्ब नवा, फोटो छान येणार. मला तर यात हिशेबापेक्षा हौस जास्त दिसते.

दर्यावर्दी

मोघमराव, ते पांगळं आहे हे तुम्हाला आज माहीत आहे. तेव्हा ते जर्मनांना माहीत होतं. ब्रिटिशांकडे फोटो होते, नॉर्वेजियन हेरांचे संदेश होते, नाळेला भगदाड पडल्याचं कळलं होतं. पण "आता हे कधीच निघणार नाही" याची खात्री कोण देणार? आधी दोनदा "संपलं" म्हणता म्हणता ते परत चालायला लागलं होतं. पाणबुड्यांनंतर सहा महिन्यांत, एप्रिलच्या हल्ल्यानंतर पुन्हा काही महिन्यांत. तिसऱ्यांदा विश्वास ठेवाल का?

आणि मुख्य मुद्दा. ते जिवंत आहे म्हटल्यावर त्याच्या तोडीची जहाजं स्कॉटलंडच्या उत्तरेला, स्कापा फ्लोला, अडकवून ठेवावी लागतात. ती तिकडे जपानविरुद्ध हवी होती. दारात बांधलेला कुत्रा चावतो की नाही हे कोणी तपासायला जात नाही. माणूस पलीकडच्या गल्लीने जातो. ब्रिटिश नौदल जवळजवळ तीन वर्षं पलीकडच्या गल्लीने जात होतं.

मोघम

कुत्र्याचं पटलं. हजार माणसांचं नाही पटलं.

अभियंता_अण्णा

मला यातलं यंत्रशास्त्र जास्त रोचक वाटतं. एप्रिलमध्ये इतके बॉम्ब लागूनही जहाज का तरलं आणि नोव्हेंबरमध्ये दोन लागताच का उलटलं?

एप्रिलचे बहुतेक बॉम्ब २२५ किलोच्या आसपासचे. चिलखत भेदणारे होते ते ७२५ किलोचे, पण थोडे. शिवाय वैमानिकांनी नेम लागावा म्हणून ठरलेल्या उंचीच्या खाली येऊन ते सोडले. नेम लागला, पण बॉम्बला वेग घ्यायला वाव मिळाला नाही. तिरपिट्झला वर ५० मिमीचं डेक आणि त्याखाली ८० मिमी व त्याहून जाड चिलखती डेक. बॉम्ब वरचं फोडून मधल्या मजल्यांवर फुटले. माणसं मेली ती तिथली आणि उघड्यावरची. बॉयलर, दारूकोठार, खालचं सगळं शाबूत.

ऑगस्टमध्ये एक ७२५ किलोचा बॉम्ब चिलखत भेदून थेट आत गेला, आणि फुटलाच नाही! जर्मनांनी उघडून पाहिला तर स्फोटक अर्धंच भरलेलं. कारखान्यातल्या कुणा पठ्ठ्याच्या कामचुकारपणाने तिरपिट्झला तीन महिने आयुष्य दिलं.

आता टॉलबॉय, म्हणजे लॅंकॅस्टरांनी टाकला तो बॉम्ब. ब्रिटिश अभियंता बार्न्स वॉलिसचं डिझाइन. वजन ५,४०० किलो, लांबी साडेसहा मीटरला थोडी कमी, आत जवळपास २,४०० किलो टॉर्पेक्स हे स्फोटक. शेपटीचे पंख मुद्दाम किंचित तिरके, त्यामुळे तो पडताना भोवऱ्यासारखा फिरतो आणि डगमगत नाही. साडेचार हजार मीटरवरून सोडला तर हवेचा विरोध सोडून शाळेतल्या सूत्राने वेग येतो जवळपास ३०० मीटर प्रतिसेकंद. पडायला अर्धा मिनिट. आदळतानाची ऊर्जा काढा: २४ कोटी ज्यूल. पंचवीस टनी ट्रक हायवेवर ८० च्या वेगाने येतोय. असे चाळीस ट्रक एकाच ठिकाणी, एकाच क्षणी. हे फक्त आदळण्याचं. फुटणं अजून व्हायचंय.

त्या अर्ध्या मिनिटाचं मला राहून राहून नवल वाटतं. बॉम्ब सुटल्यावर तीस सेकंद कोणाच्याच हातात काही नाही.

खवचट_खारूताई

अण्णा, पंचवीस टनी ट्रक ८० ने? आमच्या घाटात वीसने चढतो आणि बाजूही देत नाही.

सागरगोटा

:)) अण्णा, सुरेख. एक भर घालतो. "चुकलेले" सगळे वाया गेले नाहीत. ट्रॉम्सोला जहाज उथळ पाण्यात उभं केलं होतं, म्हणजे बुडालं तरी तळावर बसेल आणि तोफा वर राहतील. पण तळ होता हवा त्यापेक्षा खोल, म्हणून पोटाखाली वाळू-खडीचा भराव टाकायला घेतला होता. टॉलबॉय आसपास पडले त्यांनी तो भरावच उडवून लावला. एकीकडे डाव्या कुशीला भलंमोठं भगदाड, दुसरीकडे खालचा आधार गेलेला. जहाज डावीकडे कलत गेलं. कॅप्टन वेबरने खालच्या मजल्यांवरच्यांना बाहेर पडायचा हुकूम दिला. साठेक अंशांवर क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि तेवढ्यात मागच्या एका तोफमनोऱ्याखालचं दारूकोठार उडालं. मनोऱ्याचा वरचा भाग उडून पाण्यात पोहणाऱ्या माणसांवर पडला. मग जहाज पुरतं पालथं झालं. वेबर वाचला नाही.

बाळबोध

भाबडा प्रश्न. जर्मन विमानं कुठे होती? आणि धूर? कोफ्योर्डात म्हणे दहा मिनिटांत सगळा फ्योर्ड धुराने झाकायचे.

दर्यावर्दी

धुराची यंत्रं कोफ्योर्डाहून ट्रॉम्सोला आणली होती, पण चालू करायच्या अवस्थेत नव्हती. घर बदललं की पंखे लावायचे राहतात तसं. फक्त इथे त्याची किंमत मोठी.

लढाऊ विमानं बार्डुफोसला होती, ट्रॉम्सोपासून हवेतून काही मिनिटांवर. मेजर हाइनरिश एर्लर त्यांचा प्रमुख. तिरपिट्झवरून फोन झाले, निरोप गेले, विमानं उडालीही. पण शत्रू नक्की कुठे चाललाय याचा घोळ झाला आणि ती वेळेवर पोचलीच नाहीत. ब्रिटिशांचं त्या दिवशी एकही विमान पाडलं गेलं नाही. विमानविरोधी तोफांचा मार लागलेलं एक तेवढं स्वीडनमध्ये उतरलं. खापर एर्लरवर फुटलं. कोर्टमार्शल, शिक्षा, मग परत आघाडीवर. एप्रिल १९४५ मध्ये लढतानाच मेला. विमानांना आपलं जहाज तिथे हलवलंय हे नीट सांगितलंच नव्हतं असंही म्हणतात. नौदल आणि हवाई दल एकमेकांशी बोलत नाहीत हा रोग कुठल्या एका देशाचा नाही.

मोघम

हवाई दलाचं निघालंच आहे म्हणून. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर रोमा ही इटालियन बॅटलशिप जर्मन विमानांनीच बुडवली, रेडिओने दिशा देता येणाऱ्या बॉम्बने. कालपर्यंतच्या मित्राची. म्हणजे वरून पडणाऱ्या जड बॉम्बपुढे बॅटलशिप टिकत नाही हे जर्मनांनी स्वतःच चौदा महिने आधी करून दाखवलं होतं. तरी हे उघड्यावर उभं.

ध्रुवतारा

मी गेली अकरा वर्षं नॉर्वेत आहे (दक्षिणेत, तेलवाल्यांच्या गावात). इथल्यांकडून ऐकलेलं आणि वाचलेलं थोडं.

कोफ्योर्डाजवळच्या आल्टा गावात तोर्स्ताइन रोबी नावाचा तरुण होता. दिवसा साधी नोकरी, रात्री लपवलेल्या रेडिओवरून तिरपिट्झच्या खबरा लंडनला. एप्रिलच्या हल्ल्याआधी जहाजाची बित्तंबातमी याने पुरवली. युद्धानंतर १९४७ मध्ये थोर हेयरडालचा कॉन-टिकी तराफा पॅसिफिक ओलांडून गेला ना, त्यावर रेडिओ सांभाळायला हाच होता. मला हे कळलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं.

दुसरं धुराचं. तो धूर म्हणजे आम्ल होतं, क्लोरोसल्फ्युरिक जातीचं. हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरं धुकं व्हायचं. २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी कोफ्योर्डातल्या पाइन झाडांची वलयं मोजली. काहींमध्ये १९४५ चं वलयच नाही. सुया जळाल्या, झाड वाढलंच नाही. काहींना सावरायला पुढची कित्येक वर्षं लागली. शोधायला निघाले होते हवामानाचा इतिहास, सापडलं हे.

तिसरं, जहाज गेलं कुठे? १९४८ पासून जवळपास दहा वर्षं जागेवरच कापलं, भंगारात विकलं. त्याचे जाड पत्रे पुढे कितीतरी वर्षं इथलं रस्ते खातं वापरत असे. रस्ता खणला की खड्ड्यावर टाकायला. हिटलरच्या लाडक्या जहाजावरून दुधाच्या गाड्या गेल्या.

आणि मोघमराव, हजार माणसांचं म्हणालात ते बरोबरच. पण त्याच शरदात जर्मन सैन्य फिनमार्कमधून, नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या प्रांतातून, माघार घेताना गावंच्या गावं जाळत होतं. आल्टासुद्धा. पन्नासेक हजार लोकांना घरं सोडून हाकललं, त्यातले कितीतरी ट्रॉम्सोमार्गे दक्षिणेला गेले. इथल्या म्हाताऱ्यांना १२ नोव्हेंबर आठवतो तो त्या गर्दीतून.

गोदीवाला

नमस्कार. मी लिहीत नाही सहसा, वाचतो. मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

सदतीस वर्षं मुंबईत एका गोदीत गॅस कटिंग केलं. सागरगोटा यांनी जहाज उलटं झालं इथे सोडलं. आमचं काम तिथे सुरू होतं म्हणून लिहितो. त्या उलट्या जहाजातून ८२ माणसं जिवंत काढली होती. बुडाचे पत्रे वर आले होते, ते कापून.

हे सोपं नसतं. आतला माणूस वर वर चढत येतो, म्हणजे जहाजाच्या बुडाकडे. बाहेरचा वरून ठोकतो, आतला उत्तर देतो. पण आवाज पत्र्यातून पसरतो, तुम्हाला वाटतं इथे आहे आणि तो असतो चार फ्रेम पलीकडे. जहाजाचं बूड दुहेरी असतं. वरचा पत्रा कापला की मधे पोकळी, त्यात कधी तेल, कधी पाणी, कधी गॅस. मग आतला पत्रा. आणि बंद जागेत कापायचा गॅसचा टॉर्च लावला की तो आतली हवा खातो. धूर वेगळाच. पर्ल हार्बरला ओक्लाहोमा ही अमेरिकन बॅटलशिप उलटली तेव्हा अशानेच आत अडकलेले काही गुदमरून गेले. मग त्यांनी हवेवर चालणाऱ्या छिन्न्या घेतल्या आणि ३२ जण काढले. आणखी एक, भोक पाडलं की आत दाबून राहिलेली हवा सूं करून बाहेर येते आणि खालून पाणी चढतं. म्हणजे तुम्ही वाट करता तेव्हाच त्याची जागा कमी होत असते. भराभर करावं लागतं आणि घाईही चालत नाही.

आम्ही एकदा टाकीत अडकलेला पोरगा काढला होता, फक्त एक. त्याचा हात आधी बाहेर आला. हातमोजा नव्हता आणि कापलेल्या कडा लाल होत्या. मी ओरडलो, हात आत घे. तो काही घेईना. ८२ म्हणजे किती ते मला कळतं.

कट्टर_वरणभात

काका, लिहीत जा हो. वेगळा धागाच काढा.

ध्रुवतारा

+१

अभियंता_अण्णा

+१. काका, दाबलेल्या हवेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

खवचट_खारूताई

जरा हलकं करते वातावरण. ९ आणि ६१७ या दोन स्क्वाड्रन, दोघींचं म्हणणं "आम्हीच बुडवलं". जहाजाचा एक पत्रा नॉर्वेने भेट म्हणून दिला होता, तर तो पत्रा या दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या तळावरून रात्री पळवून नेत होत्या. शेवटी म्हणे तो संग्रहालयात नेऊन ठेवावा लागला. आमच्या सोसायटीतल्या दोन गणेश मंडळांची आठवण झाली.

बाळबोध

होकोयाला जायचं तर बस आहे का? डिसेंबरात बहीण जातेय.

सागरगोटा

बसचं मला सांगता येणार नाही, आम्ही गाडीने गेलो. डिसेंबरात मात्र तिथे सूर्य उगवतच नाही आणि खड्डे बर्फाखाली. सप्टेंबर बरा.

गोदीवाला काका, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. मूळ लेखात ८२ चा आकडा मला माहीत होता, तरी घातला नव्हता. हजारापुढे लहान वाटला होता.

फोटो संध्याकाळी चढवतो. एकात खड्ड्याच्या कडेला भूर्जाचं झाड आलंय, ध्रुवतारा यांचं वाचल्यावर पुन्हा मोठं करून बघितलं. बुंधा माझ्या मांडीएवढा आहे. खड्ड्याच्या आतल्या उतारावर, तिरकं, पाण्याकडे झुकलेलं.